अगादीरजवळचं मातीचं बर्बर घर: पाहायला जावं की टाळावं?

कालव्याकाठी | 9 नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत अगादीरला, म्हणजे मोरोक्कोत, जायचं ठरलंय. आम्ही उट्रेख्टला राहतो. इथल्या ढगांना वैतागलेली अर्धी जनता हिवाळ्यात तिकडेच पळते आणि विमानंही स्वस्त मिळतात. सोबत नवरा, वयात आलेली दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेली आई. आईचे गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

वाळूत लोळून झालं की अर्धा दिवस काहीतरी बघावं म्हणतेय. हॉटेलनं पाठवलेल्या पत्रकात 'पारंपरिक बर्बर घर' आहे (बर्बर म्हणजे तिथले मूळ रहिवासी). किनाऱ्यापासून थोडं आत, आर्गनच्या (ज्याच्या बियांचं तेल काढतात त्या) झाडांमध्ये जुनं मातीचं घर. घर बघा, चहा प्या, परत या. फोटो छान आहेत. पण मला अशा ठिकाणी अवघडल्यासारखं होतं. कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन आपण फोटो काढायचे, त्यांनी हसायचं आणि मग तेलाच्या बाटल्या पुढे सरकवायच्या. माझं मत सध्या 'नको'कडे झुकलंय. आई म्हणते, "समुद्र काय, रत्नागिरीलाही आहे. घर बघू."

कुणी पाहिलंय का? जायचंच तर काय बघायचं, काय विचारायचं? आई शुद्ध शाकाहारी आहे, हा उपप्रश्न.

तिसरा_चहा

उंचावरून धार धरून ओतलेला पुदिन्याचा चहा! मी तेवढ्यासाठी जाईन. घर वरकड.

माळवदकर

जरूर जा. फक्त काय बघायचं ते आधी ठाऊक असू द्या, नाहीतर मातीच्या भिंती सगळ्या सारख्याच दिसतात आणि माणूस दहा मिनिटांत बाहेर येऊन मोबाइल काढतो.

मी बार्शीचा. जुनं घर माळवदाचं, शिक्षण सिव्हिलचं. कामामुळे सूस भागात थोडंफार फिरणं झालंय (अगादीरच्या मागचं मैदान म्हणजे सूस). तिथे दोन तऱ्हेची घरं दिसतील. उत्तरेला इमूझेरकडच्या डोंगरात गेलात तर दगड जास्त, माती सांध्यापुरती. दक्षिणेला मासा, तिझनित या गावांकडे उतरलात तर ठोकलेल्या मातीच्या भिंती. ही माती चिखल करून लिंपलेली नसते, कच्च्या विटांचीही नसते. बारीक खडी असलेली माती जेमतेम ओली करतात. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा, एवढीच ओल. दोन बाजूंना फळ्या उभ्या करून साचा बांधायचा, त्यात थर टाकायचा, वर चढून लाकडी धुमुसानं ठोकायचा. साचा भरला की सोडून शेजारी सरकवायचा. एक फेरी पूर्ण झाली की त्याच्यावर दुसरी.

साचा ज्या आडव्या काठ्यांवर बसतो त्या नंतर ओढून काढतात आणि त्यांची भोकं भिंतीत तशीच राहतात. एका ओळीत, सारख्या अंतरावर. तुमच्या मुलांना ती आधी शोधायला लावा. भोकांच्या दोन ओळींमधलं अंतर म्हणजे साच्याची उंची. घर किती फेऱ्यांत चढलं ते बाहेर उभ्या उभ्या मोजता येतं. तारुदांतच्या गावकुसाच्या भिंतीत, तिझनितला 1882 साली सुलतान हसन पहिला यानं बांधवून घेतलेल्या तटबंदीतही हेच तंत्र आहे, मोठ्या प्रमाणावर. शहरांच्या तटात चुना घालायचे, खेड्यातल्या घरात नुसती माती.

मग पायाकडे बघा. जोतं दगडाचं हवं. माती खालून पाणी ओढते आणि भिंत पायथ्याशी विरत जाते. आणि शेवटी धाबं. तुळया, त्यावर बोरू किंवा कण्हेरीच्या फांद्या दाटून, त्यावर झाडोरा, त्यावर ठोकलेली माती. आमच्याकडे तुळयांवर किलचान (बारीक लाकडांचा थर) आणि त्यावर पांढरी माती, एवढाच फरक. परवानगी असेल तर वर चढा. ज्या धाब्यावर यंदाची माती पडलेली दिसेल ते घर चालू आहे. पडलेली नसेल तर ते नुसतं दाखवायला ठेवलंय आणि फार वर्षं टिकायचं नाही.

खेकडा_कॉम्प्लेक्स

माळवदकरांचा प्रतिसाद सुंदर, पण ताईंचा प्रश्न वेगळा होता. त्या विचारतायत, हा तमाशा आहे का? माझं उत्तर: आहे. आम्हाला ज्या घरात नेलं तिथे भिंत बघायला पाच मिनिटं आणि गालिचे बघायला पाऊण तास. 'नुसतं बघा, घेऊ नका' म्हणत एकेक उलगडत जातात. सतरावा उलगडला की तुम्हालाच लाज वाटते.

एसावीराच्या रस्त्यावर आर्गनच्या झाडांवर बकऱ्या चढलेल्या दिसतात ना? बकऱ्या खरंच चढतात, ती फळं त्यांना आवडतात. पण रस्त्याकडेच्या काही झाडांवर त्यांना मुद्दाम चढवून ठेवतात. गाडी थांबली की मालक हात पुढे करून हजर. घराचंही तसंच समजा.

मिरगुंड

> सतरावा उलगडला की

आणि घेतला किती? खरं सांगा.

खेकडा_कॉम्प्लेक्स

दोन. बायकोच्या माहेरी दिले. विषय संपला.

निरगुडी

पत्रकातल्या घरांबद्दल मला सांगता येणार नाही, पण एका चालत्या घरात राहिलोय ते लिहितो.

मी काही वर्षं एल जदीदाजवळ जोर्फ लास्फरला फॉस्फेटच्या कामावर होतो. आपल्याकडच्या खतांसाठी लागणारं फॉस्फेट मोठ्या प्रमाणात मोरोक्कोतून येतं, त्यामुळे त्या भागात देशी माणूस अधूनमधून भेटतो. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला सूसकडचा. मोरोक्कोभर, विशेषतः कासाब्लांकात, किराणा म्हटलं की सूसी माणूस. मोठ्या ईदला हे सगळे दुकानं बंद करून गावी जातात आणि शहरात दुधाच्या पिशवीसाठी पायपीट होते. एका ईदला हा म्हणाला, चल माझ्याबरोबर.

गाव मासा नदीच्या बाजूचं, समुद्रापासून फार लांब नाही. सकाळी धुकं यायचं. वाटेत दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची हरितगृहं, टोमॅटोची, मैलोन्‌मैल. मग एकदम मोकळं रान आणि आर्गनची झाडं. घर बाहेरून अगदी मुकं. रस्त्याकडे धड खिडकी नाही. दार बुटकं, कुलूप लाकडी, किल्लीही लाकडीच, टोकाला खिळ्यांचे दात. आत शिरलं की थेट अंगण दिसत नाही, आधी एक वळण घ्यावं लागतं, म्हणजे दार उघडं राहिलं तरी घरच्या बायका रस्त्यावरून दिसू नयेत. अंगणाभोवती खोल्या. एका कोपऱ्यात गुरांची जागा, एका कोपऱ्यात चूल, तिच्या मागची भिंत काजळीनं इतकी काळी की हात लावला तर चकाकी यावी. शेजारी आर्गनच्या बिया दळायचं दगडी जातं, आपल्या जात्याहून लहान, एका बाजूला तेलाचा लगदा ओघळायला नाक. अंगणाखाली पाण्याचं टाकं, त्याला तानुतफी म्हणतात. धाब्यावरचा पाऊस पन्हळीतून थेट त्यात. अगादीरकडे वर्षाला 250 मिलिमीटरच्या आसपासच पडतो, त्यामुळे घराचं छप्पर म्हणजे पाणी गोळा करायचं शेतच.

वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली. लांबट, तिन्ही बाजूंनी गाद्या, घरातलं सगळ्यात चांगलं लाकूड तिथल्या छताला. मला तिथेच झोपवलं.

आता मुद्द्याचं. घरचे कुणी त्या घरात झोपत नव्हते. शेजारी भावानं, तो बेल्जियममध्ये, सिमेंटचं गुलाबी घर बांधलेलं. फरशी, मोठा टीव्ही, वर डिश. रात्री सगळे तिकडे. पण दुपार झाली की म्हातारी, तिच्या जावा, शेजारणी जुन्या घरात. कारण विचारलं तर माझा मित्र म्हणाला, "तिकडे भट्टी आहे." म्हणजे जुनं घर हे त्यांचं दुपारचं घर. त्याला अस्सल म्हणायचं की नाटकी, तुम्हीच ठरवा.

एक सूचना: कुणाच्या घरी जाणार असाल तर साखरेचा सुळका न्या. कागदात गुंडाळलेला शंकूच्या आकाराचा, किराण्यात मिळतो. पाहुण्यानं नेण्याची तिथली ती जुनी रीत आहे. पाकिटातले पैसे देण्यापेक्षा चेहरे वेगळेच होतात.

वेंगुर्ल्याची_वाट

निरगुडी, आमच्या गावचं वर्णन केलंत की. चाकरमानी मुंबईत, गावात चिऱ्याचं जुनं घर, शेजारी टाइल्सवालं नवीन. गणपतीला मुंबईतली दुकानं ओस आणि गाव भरलेलं. फक्त आमच्याकडे जुन्या घरात दुपारी कुणी बसत नाही, तिथे भाडेकरू ठेवलाय.

तिसरा_चहा

साखरेचा सुळका!! म्हणजे चहात तोच फोडून घालतात का?

निरगुडी

तोच. छोट्या पितळी हातोडीनं फोडतात. गोडी इतकी की तुमच्या डॉक्टरांना कळवू नका. चहाची पत्ती चीनची, हिरवी, गोळ्या वळलेली. पहिला ग्लास ओतून परत किटलीत, असं दोनतीनदा. घाई केलीत तर तुम्हाला अडाणी समजतील.

लातूरकर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. आता थोडं कडू.

मातीच्या घराचं कौतुक करताना अगादीर म्हणजे काय गाव आहे ते विसरू नका. 29 फेब्रुवारी 1960, रमजान चालू, रात्री पावणेबाराच्या सुमारास भूकंप. तीव्रता सहाच्याही आत, पण केंद्र बरोबर शहराखाली आणि उथळ. किमान बारा हजार माणसं गेली. डोंगरावरचा जुना कसबा (तटबंदीतली किल्लेवस्ती) आणि त्याखालची वस्ती सपाट झाली. आजचं शहर त्याच्या दक्षिणेला नव्यानं वसवलंय. ज्या टेकडीवर लोक केबल कारनं सूर्यास्त बघायला जातात त्या टेकडीच्या पोटात माणसं आहेत. 8 सप्टेंबर 2023 चा भूकंप अगदी अलीकडचा. 6.8, केंद्र मऱ्हाकेशच्या नैर्ऋत्येला डोंगरात, तीन हजारांच्या जवळपास बळी, त्यातले बरेच अशाच दगडमातीच्या घरांखाली.

मी सातवीत होतो 30 सप्टेंबर 1993 ला. विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले, पहाटे 3:56. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. माळवदकर ज्या माळवदावर इतकं प्रेमानं लिहितायत, त्याच्याचखाली लोक गेले. दोन अडीच फुटांची दगडमातीची भिंत आणि वर दर वर्षी चढत गेलेला मातीचा थर. तेव्हापासून माळवदाखाली मला झोप लागत नाही. तुम्ही बघायला जा, पण 'किती गार वाटतं' म्हणताना हेही डोक्यात असू द्या.

निरगुडी

🙏

माळवदकर

लातूरकर, तुमचं म्हणणं मान्य आणि त्यावर वाद घालायची इच्छा नाही. आमच्याही नात्यातले गेले. फक्त कारणं नीट मांडू, कारण 'माती मारते' एवढंच लक्षात राहिलं तर पुढचं घरही चुकतं.

किल्लारीत आणि मोरोक्कोच्या डोंगरात घात करणाऱ्या गोष्टी साधारण सारख्याच. गोल गोटे चिखलात बसवलेली जाड भिंत, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आडवे दगडच नाहीत, त्यामुळे हादरा बसला की भिंत मधून उभी फाटते. कोपरे एकमेकांत गुंफलेले नाहीत. आणि धाब्यावर जुनी माती न काढता दर पावसाळ्याआधी नवी टाकायची, की पन्नास वर्षांत टनावारी ओझं. भिंतीत ठरावीक उंचीवर चारी बाजूंनी लाकडाचा पट्टा फिरवला आणि धाब्याचं वजन मर्यादेत ठेवलं तर फरक पडतो. मोरोक्कोत मातीच्या बांधकामासाठी वेगळी भूकंपरोधक नियमावलीही आहे. कागदावर आहे हे कबूल.

आणि 1960 ला अगादीरमध्ये जुन्या वस्तीबरोबर किनाऱ्यावरच्या नव्या पक्क्या इमारतीही पडल्या होत्या, हॉटेलंसुद्धा. कमजोर बांधलेलं सिमेंटही तेवढंच वाईट.

लातूरकर

कारणं पटली. झोप तरीही लागत नाही.

अंगतपंगत

गंभीर चर्चेत घुसते, पण आईंच्या जेवणाचं कुणीच सांगितलं नाही. शाकाहारी असाल तर उपाशी मरणार नाही:

झालूक म्हणजे वांग्याचं भरीत. वांगी, टोमॅटो, लसूण, जिरं, वर ऑलिव्ह तेल. आईंना भाकरी तेवढी न्यावी लागेल. बिसारा हे वाळक्या बाकल्याचं दाट सूप, थंडीत सकाळी टपरीवर मिळतं, वर जिरेपूड आणि तेल. मसेमेन म्हणजे घडीची चौकोनी पोळी, मैदा आणि रवा. त्याच्यासोबत अमलू: भाजलेले बदाम, आर्गनचं तेल, मध एकत्र वाटलेलं. हे एकदा खाल्लं की मुलं बाकी काही मागणार नाहीत.

सावध कुठे राहायचं: भाज्यांचा ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) म्हणून जो देतात तो बरेचदा मांसाच्या भांड्यातूनच उपसलेल्या भाज्या असतात. शुक्रवारचा कुसकूसही (वाफवलेला रव्याचा दाणा, वर रस्साभाजी) तसाच. आधीच सांगून ठेवलं तर वेगळा करतात. हरीरा सूप विचारल्याशिवाय घेऊ नका.

मिरगुंड

भरीत खायला आफ्रिकेत जायचं. वा.

अंगतपंगत

जळगावला जाणंही काही स्वस्त नाही आता.

उनाड_उष्मा

कुणी गारव्याचं म्हणालं म्हणून: 11 ऑगस्ट 2023 ला अगादीरला 50.4 अंश नोंदवलं गेलं. मोरोक्कोत पन्नाशी ओलांडल्याची ती पहिली नोंद. किनाऱ्यावरचं गाव, एरवी समुद्रामुळे सौम्य हवा, पण वाळवंटाकडून शेरगी वारा सुटला की सगळं उलटं. जाड भिंत उन्हाला रोखत नाही, उशीर करते. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. निरगुडींच्या गोष्टीतले लोक रात्री सिमेंटच्या घरात आणि दुपारी मातीच्या घरात का, त्याचं उत्तर यातच आहे. भौतिकशास्त्राचा धडा त्या म्हातारीला पाठ होता.

डिसेंबरात मात्र आत गारठा लागेल. आईंची शाल घ्या.

दर्यावर्दी_नसलेला

मोरोक्कोच का? ट्युनिशियाचा विचार करा. गाबेस किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर मात्माता. तिथे घर बांधतच नाहीत, खणतात. जमिनीत विहिरीएवढा खड्डा, तो अंगण. त्याच्या कडांमध्ये कोरलेल्या खोल्या. वरून चालताना घर आहे हे कळतच नाही. एका गाजलेल्या अंतराळपटाचं चित्रीकरण तिथे झालंय, त्यामुळे मुलं खूश. जवळच जेरबा बेट, 2023 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं.

खेकडा_कॉम्प्लेक्स

तिकिटं काढून झालीत हो त्यांची. धागा वाचत जा.

बखरीतला_उंदीर

कालव्याकाठी ताई, तुम्ही हॉलंडवाल्या म्हणून खास तुमच्यासाठी. अगादीरच्या कसब्याच्या दरवाजावर 1746 चा शिलालेख आहे, त्यात अरबीबरोबर चक्क डच ओळ आहे: देवाचं भय बाळगा आणि राजाचा मान राखा. डच व्यापाऱ्यांचा तिथे वावर होता त्या काळातला. भूकंपात कसबा पडला पण दरवाजा उरला. मुलांकडून वाचून घ्या, जुनी डच आहे, अडखळतील.

संथ_वाहते

छान धागा. एक छोटं सांगते. तिथे लोकांशी बोलताना 'बर्बर' म्हणण्यापेक्षा 'अमाझिग' म्हणा, त्यांना ते आवडतं. सूसमध्ये बोलतात ती ताशेलहित. भेटल्यावर 'अझूल', निघताना 'तनमिर्त'. एवढ्यावर दुसरा चहा मिळतो. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय अजिबात नाही.

कालव्याकाठी | 14 जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आलो परत. विमानतळावरूनच आईनं साताऱ्यात सगळ्यांना फोन लावले, आता मी लिहिते.

पत्रकातलं घर सोडलं. आमचा टॅक्सीवाला सूसचाच निघाला. त्याला 'अझूल' म्हटल्यावर आरशातून वळून बघितलं त्यानं. त्याच्या ओळखीच्या गावात, मासाकडे, एक कुटुंब जुनं घर दाखवतं. ठरावीक पैसे, दारावर पाटी नाही. साखरेचा सुळका वाटेत घेतला. निरगुडी, तुमचं म्हणणं शंभर टक्के. घरच्या बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि पुढे काही विकायचा विषयच निघाला नाही. तेल आम्हीच विचारून घेतलं. भाजलेल्या बियांचं खायचं, न भाजलेल्यांचं अंगाला लावायचं, ते बाटल्यांचा वास देऊन समजावलं.

मुलांनी भोकं मोजली. भिंत पाच फेऱ्यांची. धाकट्यानं भोकात बोट घातलं तर आतून पाकोळ्या फडफडत बाहेर, तो दोन फूट मागे. जोतं दगडाचं, पण एका कोपऱ्यात माती विरून आत खोबण पडलेली. तिथे सिमेंट थापलेलं.

आणि आई. घरच्या बाई साधारण तिच्याच वयाच्या. भाषा शून्य. ड्रायव्हर अंगणात फोनवर. बाई भिंतीवरचा गिलावा दाखवत होत्या, मातीत बारीक चिरलेलं काड घातलेलं. आईनं हात फिरवला, नखानं थोडं खरवडलं आणि मला मराठीत म्हणाली, "काड भरड राहिलंय. म्हणून भेगा." मग खाली बसून तिनं हवेत सारवून दाखवलं, मनगट कसं वळवायचं ते. त्या बाईंनी मान हलवली, नाही नाही म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांची पद्धत दाखवली, तळहातानं, वरून खाली. दोघी हरायला तयार नाहीत. शेवटी आतून कालवलेल्या मातीचं घमेलं आलं. ओसरीच्या भिंतीवर वीतभर तुकडा आईनं केला, वीतभर त्यांनी. आईच्या अंगावर प्रवासाचा चांगला स्वेटर. गुडघे वगैरे कुणाला आठवले नाहीत, उठताना आठवले.

खेकडा, तुमचा मुद्दा मला पटला होता आणि अजूनही थोडा पटतो. पैसे देऊनच आम्ही आत गेलो. पण तिथे कुणी आमच्यासाठी मुद्दाम काही करत नव्हतं. भाची शाळेतून आली, दप्तर टाकलं, आमच्याकडे न बघता टीव्ही लावायला शेजारच्या घरात गेली.

माळवदकर, धाब्यावर चढले. यंदाची माती होती, पण अर्ध्याच भागावर. एका कडेला मातीखालून निळं प्लॅस्टिक डोकावत होतं. विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, आता सगळेच घालतात, गळती थांबते.

माळवदकर

आईंना साष्टांग नमस्कार. काड भरड असलं की भेगा पडतात हे अगदी बरोबर, आणि माती पुरेशी मुरवली नसली तरी पडतात. काड घालून काही दिवस भिजत ठेवावी लागते.

प्लॅस्टिकचं मात्र वाईट वाटलं. दोनतीन पावसाळे गळती थांबते. पण घरातली वाफ वर जाते, प्लॅस्टिकखाली अडकते, तुळयांची टोकं भिंतीत जिथे बसतात तिथे कुजतात. बाहेरून काहीच दिसत नाही. जोत्याच्या कोपऱ्यात थापलेलं सिमेंट तसंच. ओल बाहेर पडायची वाट बंद, मग ती वर चढते आणि सिमेंटच्या वरची माती सुटते. परत कुणी जाणार असेल तर त्यांना तुळयांची टोकं तपासायला सांगा.

लातूरकर

आमच्याकडे 93 नंतर माळवदावर पत्रे टाकले लोकांनी. गळती थांबली, उन्हाळ्यात भाजून निघतोय. प्लॅस्टिक, पत्रा, काहीही घाला, माणूस दरवर्षी वर चढून माती ठोकायला तयार नाही हे खरं दुखणं. मीही तयार नाही.

वेंगुर्ल्याची_वाट

ठोकायला माणूस कुठे मिळतो हो? पाचशे देतो म्हटलं तरी येत नाही.

निरगुडी

तिथेही हेच. धुमुस मारणारे कारागीर म्हातारे झाले, पोरं अगादीरच्या हॉटेलात नाहीतर ब्रसेल्सला. माझ्या मित्राचं जुनं घर गेल्या पावसात एका बाजूनं बसलं. म्हातारी आता दुपारी अंगणातल्या सावलीत बसते म्हणे.

मिरगुंड

गालिचा घेतला की नाही ते नाही सांगितलंत ताई.

कालव्याकाठी

नाही. नवऱ्यानं घेतला, मी नाही.

पाऊलखुणा_सोडा

नवा सदस्य आहे. धागा एका बैठकीत वाचला. आम्ही मार्चमध्ये अगादीरला जातोय, आर्गानाकडे मधमाश्यांचं एक जुनं सामुदायिक ठिकाण आहे असं ऐकलं, तेही माती-लाकडाचं. कुणी गेलंय का?

निरगुडी

इन्झेर्की. गेलोय. अगादीरहून मऱ्हाकेशच्या महामार्गानं आर्गानापर्यंत, तिथून डोंगरात कच्चा रस्ता, साधी गाडी खाली घासते. डोंगरउतारावर मातीलाकडाचे कप्पे, मजल्यावर मजले, प्रत्येक कुटुंबाचे वेगळे. कप्प्यात बोरूच्या विणलेल्या नळकांड्या, वरून माती आणि शेण लिंपलेलं, त्यात माश्या. 2022 मध्ये दुष्काळानं माश्या गेल्याच्या बातम्या होत्या. त्यामुळे निघण्याआधी आर्गानात कुणाला तरी विचारा, माश्या परतल्यात का. पाणी सोबत घ्या, वर दुकान नाही.